खोक्यातून आलेल्या फर्निचरला तेल लावावे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. खानापुरातील नव्या घरासाठी तुम्ही चार वस्तू ऑनलाइन मागवल्या: टीव्ही युनिट, मुलीचे अभ्यासाचे टेबल, शीशमचे सहा जणांचे जेवणाचे टेबल आणि पाइनची एक उघडी मांडणी. चारही वस्तू सुट्या फळ्या आणि स्क्रूच्या पुड्या अशा रूपात आल्या आणि तुम्ही त्या घरीच जोडल्या. आता मृग लागण्यापूर्वी सगळ्यांना तेलाचा एकेक हात द्यावा, असे तुमच्या सासऱ्यांचे म्हणणे आहे, कारण जांबोटीच्या जुन्या घरातील सागवानी दारांना आणि तुळयांना ते दर उन्हाळ्यात बेलतेल, म्हणजे रंगाच्या दुकानात मिळणारे जवसाचे तेल, देत आले आहेत. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात मात्र ‘ओल्या फडक्याने पुसू नये’ एवढेच लिहिलेले आहे आणि तेलाबद्दल काहीच म्हटलेले नाही.

बेळगाव आणि आसपासच्या तालुक्यांत फर्निचर जोडणे आणि पॉलिश करणे या दोन्ही कामांच्या अनुभवावरून माझे मत आधीच सांगतो. टीव्ही युनिटला आणि अभ्यासाच्या टेबलाला तेल अजिबात लावू नये. जेवणाच्या टेबलाचा निर्णय दोन सोप्या तपासण्या केल्यानंतरच घ्यावा. पाइनच्या मांडणीला काहीतरी लावणे आवश्यक आहे. पण तुमच्या गावाची हवा पाहता तिलाही जवसाचे तेल ही माझी पहिली निवड असणार नाही. सासऱ्यांचा अनुभव खोटा नाही. तो ज्या लाकडावर घेतलेला आहे तसे उघडे लाकूड मात्र या चारपैकी दोन, कदाचित तीन वस्तूंच्या पृष्ठभागावर उपलब्धच नाही, आणि सगळा प्रश्न तिथेच आहे.

तेल लाकडावर काम करते ते आत शिरून. उघड्या लाकडाच्या नळ्यांमध्ये आणि छिद्रांमध्ये ते ओढले जाते, तिथे हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन हळूहळू घट्ट होते आणि पृष्ठभागाच्या वरच्या थराला पाण्याचे थेंब, धूळ व हाताचा मळ सहज शोषू देत नाही. म्हणजे तेल लावण्याचा पहिला निकष ‘वस्तू लाकडी दिसते का’ हा नसून ‘तिचा पृष्ठभाग तेल पिऊ शकतो का’ हा आहे. कारखान्यातून मेलामाइनचा कागद, मायका किंवा लॅकरचा थर घेऊन आलेल्या फळीवर तेल ओतणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी ओतणे होय, आणि फरक इतकाच की पाणी निथळून जाते, तर तेल चिकट होऊन तिथेच बसते. आपल्याकडच्या धुळीच्या दिवसांत अशा पृष्ठभागावर पंधरवड्याच्या आत राखाडी रंगाचा लेप तयार होतो, तो कोरड्या फडक्याने निघत नाही आणि मग ‘फर्निचरचा रंग उडाला’ अशी तक्रार सुरू होते.

तेव्हा प्रत्येक वस्तू कशाची आहे हे आधी ओळखावे लागते. जाहिरातीतील शब्दांवर विसंबून राहू नये. ‘इंजिनिअर्ड वुड’ या नावाखाली पार्टिकल बोर्ड, एमडीएफ आणि प्लायवूड या तिन्ही वस्तू विकल्या जातात आणि तिघांचा स्वभाव वेगवेगळा आहे. घरी जोडायच्या फर्निचरचा एक फायदा असा की त्याचा आतला भाग पाहण्यासाठी काही कापावे लागत नाही. फळ्या एकमेकींना जोडणारे मिनीफिक्सचे गोल कुलूप बसवण्यासाठी जे मोठे भोक पाडलेले असते, त्यावरची प्लास्टिकची टोपी काढून मोबाइलच्या उजेडात आत पाहावे. लाकडाचे बारीक-मोठे तुकडे गोंदात दाबलेले दिसले तर तो पार्टिकल बोर्ड, पुठ्ठ्यासारखा एकसारखा तपकिरी भुसा दिसला तर एमडीएफ, आडव्या-उभ्या पातळ थरांचे पट्टे दिसले तर प्लायवूड. भोकाच्या भिंतीवर लाकडाच्या रेषा अखंड चालत असतील तरच ते लाकूड. दुसरी खूण कडेला सापडते. फळीच्या वरच्या रेषा कडेवरून वळून आडछेदात शिरतात की कडेला वेगळी पट्टी चिकटवलेली आहे, हे नखाने चाचपून कळते. पट्टीचा सांधा लागला की आत बोर्ड आहे असे समजावे.

तुमच्या टीव्ही युनिटचे जे वर्णन तुम्ही केले आहे, म्हणजे अक्रोडासारखा रंग, सगळ्या फळ्यांवर हुबेहूब तीच गाठ पुन्हा पुन्हा, पाठीमागे पुठ्ठ्यासारखी पातळ फळी, त्यावरून तो प्रीलॅम पार्टिकल बोर्ड असल्याबद्दल मला शंका नाही. प्रीलॅम म्हणजे बोर्डावर मेलामाइन रेझिन मुरवलेला छापील कागद उष्णता आणि दाबाखाली कायमचा बसवलेला असतो. भारतीय मानकांमध्ये अशा बोर्डासाठी आयएस १२८२३ हे स्वतंत्र मानक आहे. ज्या रेषा तुम्हाला दिसतात त्या छापलेल्या आहेत. तो कागद पाणी पीत नाही, तेल पीत नाही, आणि त्याला पोषणाची गरजही नाही. फर्निचरला ‘पोषण’ देण्याची जाहिरात करणाऱ्या बाटल्यांचा या बोर्डाशी काही संबंध नाही.

परंतु हे युनिट पावसाळ्यात सुरक्षित आहे असा याचा अर्थ नव्हे, आणि इथे मला थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण लोक वरच्या चकचकीत भागाला जपतात आणि नासाडी होते ती खालून. पार्टिकल बोर्ड वरून जवळपास अभेद्य असतो; ओल शिरते ती कडांमधून, भोकांमधून आणि वायरी जाण्यासाठी कापलेल्या खिडकीतून. लादी पुसताना फळीच्या तळाशी साचणारे पाणी हे याचे सर्वांत मोठे कारण आहे. आतले तुकडे फुगतात, त्यांना धरून ठेवणारा युरिया-फॉर्माल्डिहाइडचा गोंद ओल आणि उष्णता एकत्र आल्यावर कमकुवत होतो आणि फळीची जाडी वाढते. ही वाढ वाळवल्यावर पूर्णपणे परत जात नाही. लाकूड फुगले तर उन्हाळ्यात पुन्हा बसते, बोर्ड बसत नाही. एकदा कडेला फुगवटा आला की स्क्रूची पकड सुटते आणि दार लोंबू लागते.

म्हणून टीव्ही युनिटवर जो वेळ तुम्ही तेलासाठी देणार आहात, तो त्याच्या उघड्या कडांना द्या. युनिट भिंतीपासून ओढून मागची बाजू आणि तळ पाहा. स्वस्त वस्तूंमध्ये दर्शनी कडांना पट्टी असते आणि मागच्या व खालच्या कडा नुसत्याच कापून सोडलेल्या असतात. त्या कोरड्या असल्याची खात्री करून त्यांवर चपड्याचे (शेलॅकचे) दोन-तीन हात ब्रशने द्यावेत, किंवा लाकडासाठीचे पारदर्शक पीयू (पॉलियुरेथेन) सीलर वापरावे. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले हे जुने पॉलिश ओलसर हवा रोखण्यात तेलापेक्षा कितीतरी सरस आहे, अर्ध्या तासात हात लावण्याइतके वाळते आणि कडा कुणाला दिसणार नसल्यामुळे ते नीटनेटके बसवण्याचे कौशल्यही लागत नाही. थेट पाणी साचू शकेल अशा तळाच्या कडेला मात्र पीयूच घ्यावे, कारण साचलेल्या पाण्यात चपडा पांढरा पडतो. पायांखाली प्लास्टिकचे बूट बसवून तळ लादीपासून निदान अर्धा इंच वर उचलावा. खानापूर भागात जांभ्या दगडाच्या भिंती अजून पुष्कळ आहेत आणि पश्चिमेकडून झड लागली की त्या आतपर्यंत ओलावतात. तिथे युनिट आणि भिंत यांमध्ये दोन-तीन इंच मोकळे सोडावेत, म्हणजे मागच्या पातळ फळीला बुरशी धरणार नाही. या पातळ फळीला कुणी तेल लावले तर ती ते टिपकागदासारखे पिते आणि पुढे वर्षभर कपाटातून खवट वास येत राहतो, म्हणून तिला हातही लावू नये.

अभ्यासाच्या टेबलाची गोष्ट वेगळी आहे, पण निष्कर्ष तोच. तुम्ही पाठवलेल्या वर्णनानुसार त्याच्या वरच्या फळीवर खऱ्या लाकडाच्या रेषा आहेत, त्या कुठेही पुन्हा येत नाहीत, आणि आत एमडीएफ आहे. म्हणजे हे व्हेनियर. व्हेनियर खरे लाकूडच असते, फक्त ते साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचे असते आणि कारखान्यातच त्यावर लॅकरचा पारदर्शक थर चढवलेला असतो. तो थर शाबूत असेतोवर तेल आत जाणार नाही. ‘थर घासून काढतो आणि मग तेल देतो’ असा सल्ला कुणी दिला तर तो मानू नये, कारण १२० नंबरचा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून जरा जोर लावला की कडेजवळचे व्हेनियर पार होऊन खालचा एमडीएफ उघडा पडतो आणि त्यावर इलाज नसतो. मुलीच्या हाताखालची जागा काही वर्षांनी झिजून निस्तेज झालीच, तर पॉलिशवाल्याकडून त्याच जातीच्या लॅकरचा पातळ हात मारून घेणे हे योग्य काम. तोपर्यंत कोरडे सुती फडके पुरे.

आता जेवणाचे टेबल. बाजारात ‘शीशम’ म्हणून येणारे फर्निचर बहुतेक उत्तरेकडून, मुख्यतः राजस्थानातून येते. आपल्या सह्याद्रीतील काळसर शिसव ही त्याची नातेवाईक असली तरी वेगळी जात आहे. तरीही हे लाकूड खरे, जड आणि चांगले असते. पण खरे लाकूड म्हणजे उघडे लाकूड नव्हे. टेबलाच्या वरच्या फळीवर कोणते पॉलिश आहे ते कळल्याशिवाय तेलाची बाटली उघडू नये.

पहिली तपासणी पाण्याच्या थेंबाची. टेबलाच्या वरच्या बाजूला कोपऱ्यात आणि खालच्या बाजूला, जिथे पॉलिश कमी केलेले असते, असे दोन ठिकाणी बोटाने पाण्याचा एकेक थेंब ठेवा आणि दहा मिनिटे थांबा. थेंब गोल राहिला आणि पुसल्यावर खाली डाग दिसला नाही तर पृष्ठभाग बंद आहे. थेंब पसरला आणि खालचे लाकूड काळसर झाले तर पृष्ठभाग उघडा आहे किंवा त्यावर फक्त तेल अथवा मेण आहे. दुसरी तपासणी खालच्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी करावी. कापसाच्या बोळ्याला थोडे स्पिरिट लावून अर्धा मिनिट धरावे. पृष्ठभाग चिकट झाला तर ते चपड्याचे फ्रेंच पॉलिश. स्पिरिटने काही झाले नाही आणि एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरने पृष्ठभाग विरघळू लागला तर ते एनसी लॅकर. दोन्हींनी काही झाले नाही तर पीयू किंवा मेलामाइन पॉलिश आहे असे धरून चालावे. यांपैकी काहीही निघाले तरी पृष्ठभाग बंदच आहे आणि त्याला तेल लागत नाही. लाकूड दिसते आहे, रेषा हाताला जाणवत आहेत, तरीही उत्तर ‘नाही’ असेच येऊ शकते, हे ग्राहकांना पटवणे मला सर्वांत अवघड जाते.

थेंब मुरला तरच तेलाचा विचार करावा. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या शीशमच्या काही टेबलांना ‘नॅचरल फिनिश’ म्हणून केवळ तेल-मेणाचा हात दिलेला असतो आणि त्यांना वर्षातून एकदा पुन्हा तेल देणे हेच योग्य असते. तुमच्या बाबतीत वरची बाजू बंद आणि खालची उघडी अशी स्थिती निघण्याची शक्यता मला जास्त वाटते. कारखाने खालच्या बाजूवर पॉलिश वाचवतात. मग पावसाळ्यात खालचा भाग ओल घेतो, वरचा घेत नाही आणि रुंद फळी वाकते. अशा वेळी खालच्या बाजूला तेल नव्हे, तर वरच्यासारखेच सीलर द्यावे.

इथे तेलाबद्दलचा एक मोठा गैरसमज दूर करणे भाग आहे. तेल थेंबाला अडवते, हवेतील ओलाव्याला अडवत नाही. अमेरिकेतील मॅडिसन येथील सरकारी वन-उत्पादन प्रयोगशाळेने निरनिराळे लेप दिलेले लाकूड दमट हवेत ठेवून जी तुलना केली, तीत जवसाच्या तेलाचे तीन हात दिलेले लाकूड दोन आठवड्यांनंतर जवळजवळ उघड्या लाकडाइतकाच ओलावा घेऊन बसले होते, तर वितळलेल्या पॅराफिन मेणाचा जाड थर सर्वांत वर राहिला आणि चपडा व पॉलियुरेथेन मधल्या जागी होते. त्यामुळे ‘तेल दिले की पावसाळ्यात लाकूड फुगणार नाही’ ही समजूत आपल्या हवेत फार काळ टिकत नाही. तीन फूट रुंदीची शीशमची फळी मे आणि ऑगस्ट यांदरम्यान काही मिलिमीटर रुंद होते, तेल असो वा नसो. तिला ती जागा मिळाली पाहिजे. टेबल जोडताना खालच्या लोखंडी किंवा लाकडी पट्ट्यांत लांबट भोके दिली असतील, तर त्यांतील स्क्रू जिवाच्या आकांताने आवळू नयेत आणि ‘मजबुतीसाठी’ म्हणून त्या सांध्यात फेव्हिकॉल तर मुळीच घालू नये.

मग सासऱ्यांच्या दारांना तेलाने फायदा कसा होतो? सागवानात स्वतःचे तेल असते आणि ते फारसे फुगत-आकसत नाही. दारावर पावसाचे शिंतोडे थेट येतात, तिथे थेंब अडवणे हेच मुख्य काम असते, आणि दर वर्षी नवा हात मिळतो. शिवाय दाराला दोन्ही बाजूंनी वारा लागतो. या भागात तुळया आणि वाशांना काजूच्या टरफलाचे तेल देण्याची जी जुनी पद्धत आहे, तीही लाकडाला कीड लागू नये यासाठी आहे आणि त्या कामात ती चांगली आहे. ते तेल काळे, उग्र आणि कातडीला भाजणारे असते. घरातल्या फर्निचरवर, विशेषतः मुलांचा हात लागणाऱ्या वस्तूवर, त्याचा विचारही करू नये.

राहिली पाइनची मांडणी. तिच्यावर कसलाही लेप नाही, पाण्याचा थेंब क्षणात मुरतो, असे तुम्ही लिहिले आहे. ही एकच वस्तू खऱ्या अर्थाने तेल मागणारी आहे. पाइन मऊ असते, त्यावर चहाच्या कपाचा वा कुंडीचा डाग कायमचा बसतो, आणि कोरी सोडली तर पहिल्याच पावसाळ्यात तिच्यावर हिरवट-काळे ठिपके येतात. प्रश्न फक्त काय लावावे एवढाच आहे, आणि या प्रश्नाचे उत्तर आपल्या बेळगाव जिल्ह्यात एकच असू शकत नाही. अथणी-रायबागकडे हवा बहुतेक वर्ष कोरडी असते. तिथे पाइनला बेलतेल दिले तर ते सुंदर दिसते, वेळेत वाळते आणि टिकते. निपाणी-चिकोडी आणि बेळगाव शहरातही हवेशीर खोलीत ते चालून जाते. खानापूरपासून पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, जून ते सप्टेंबर चार महिने हवा ओलीच असते आणि अशा हवेत जवसाचे तेल हे बुरशीचे खाद्य ठरते. तेल दिलेल्या फळीवरच काळे ठिपके जास्त येतात, हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटते, पण त्यामागचे कारण एवढेच आहे. म्हणून तुमच्या मांडणीला मी मॅट पीयूचे दोन पातळ हात सुचवीन. लाकडाचा उघडा स्पर्श हवाच असेल तर शुद्ध टंग तेल (टंग झाडाच्या बियांचे, वाळणारे तेल) घ्यावे. ते महाग आहे आणि ऑनलाइनच मागवावे लागते, परंतु वाळल्यावर पाण्याला जवसापेक्षा चांगले टिकते. कोणतेही तेल दिले तरी पाइन काळानुसार पिवळसर होत जाणार, जवसाने सर्वांत जास्त.

स्वयंपाकघरातले तेल कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. वाळणे हा गुण सर्व तेलांत नसतो. रसायनशास्त्रात तो आयोडीन अंकावरून मोजतात: जवसाच्या तेलाचा अंक साधारण १७० ते २००, शेंगतेलाचा ८५ ते १०५ आणि खोबरेलाचा ७ ते १० यांच्या आसपास असतो. अंक जितका मोठा, तितके तेल हवेत घट्ट होण्याची क्षमता अधिक. शेंगतेल फळीवर महिनोन्महिने ओले राहते आणि खवट होते. खोबरेल खवट लवकर होत नाही, पण वाळतही नाही, आणि २४ अंशांच्या खाली ते गोठू लागत असल्यामुळे आपल्याकडच्या थंडीत लाकडाच्या रेषांमध्ये पांढुरकी साय दिसू लागते. रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या बेलतेलात जवसाचे तेल लवकर वाळावे म्हणून धातूंचे क्षार मिसळलेले असतात. त्यामुळे ते पोळपाट, भाजी चिरायची फळी किंवा लहान मुले तोंडात घालतील अशा वस्तूंसाठी नाही. तिथे औषधाच्या दुकानातील खाण्याच्या प्रतीचे लिक्विड पॅराफिन वापरतात. ते वाळत नाही, पण खवटही होत नाही आणि अशा लहान वस्तूला अधूनमधून पुन्हा देणे सोपे असते.

तुम्ही सर्व ऐकूनही तेलच द्यायचे ठरवले, किंवा जेवणाचे टेबल तेलाचेच निघाले, तर काम एप्रिलमध्ये किंवा मेच्या पहिल्या पंधरवड्यात करावे. वळीव सुरू झाला की हवेतील ओल वाढते आणि एका रात्रीत वाळणारा हात तीन दिवस चिकट राहतो. जोडणीपूर्वी फळ्या सुट्या असतानाच सहाही बाजूंना तेल देणे उत्तम, कारण एका बाजूलाच दिलेले तेल फळीला एका बाजूनेच थोडे फार सांभाळते. तुमची मांडणी जोडून झाली असली तरी तिच्या फळ्या स्क्रू सोडवून काढता येतील. मात्र डॉवेलची, म्हणजे जोडणीच्या लाकडी खुंट्यांची, भोके आणि गोंद लागणाऱ्या जागा कोरड्या ठेवाव्यात, कारण तेल लागलेल्या लाकडाला गोंद धरत नाही. पाइनला १५० आणि मग २२० नंबरच्या पॉलिश पेपरने, रेषेच्या दिशेनेच, घासून धूळ पूर्ण पुसावी. पहिल्या हातासाठी तेलात निम्मे टर्पेंटाइन मिसळावे म्हणजे ते खोल जाते. सुती फडक्याने पातळ लावावे, पंधरा-वीस मिनिटे थांबावे आणि वर राहिलेले सर्व तेल कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे. हे पुसणेच खरे काम आहे. ‘थोडे राहू दे, मुरेल’ असे म्हणून सोडलेले तेल मुरत नाही, त्याची चिकट कातडी होते. दुसरा हात निदान एक दिवसाने आणि फारच थोडे टर्पेंटाइन घालून द्यावा. वरून कोरडे वाटले तरी आतून पूर्ण घट्ट व्हायला तीन-चार आठवडे लागतात. तोपर्यंत त्यावर पुस्तके किंवा कपडे ठेवू नयेत, कारण कागदावर तेलाचे डाग उमटतात.

यानंतर जे सांगतो ते कुणीही हलक्यात घेऊ नये. जवस किंवा टंग तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकल्यास ती आपोआप पेट घेऊ शकतात. तेल घट्ट होताना उष्णता बाहेर पडते. फडके पसरलेले असेल तर ती उडून जाते, चुरगळून ठेवलेले असेल तर आतच साठत जाते आणि काही तासांत धूर येतो. उन्हाळ्याच्या दुपारी, पत्र्याच्या शेडमध्ये, भुशाच्या पोत्याजवळ असे फडके पडलेले असणे हा कारखान्यातला नेहमीचा धोका आहे. काम संपताच फडकी अंगणात दगडावर एकेक करून पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवावीत, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावावे.

कीड आणि वाळवी यांच्यासाठी तेलावर अवलंबून राहू नये. लाकडात आधीच असलेल्या भुंग्याला वरून दिलेला तेलाचा हात काही करत नाही. बारीक भोकांतून पिठासारखा भुगा पडताना दिसला तर त्या भोकांत कीटकनाशक सोडणे आणि वस्तू वेगळी ठेवणे हाच मार्ग.

तुमच्या पत्राच्या शेवटी एक ओळ आहे, की टीव्ही युनिटच्या एका दारावर सासऱ्यांनी नमुना म्हणून बेलतेल लावून पाहिलेले आहे. काळजीचे कारण नाही. दोन-तीन दिवसच झाले असतील तर तेल अजून घट्ट झालेले नसेल. भांडी धुण्याच्या साबणाचे दोन-चार थेंब कोमट पाण्यात घालून, फडके घट्ट पिळून पुसावे आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपावे. फडक्यात टपकण्याइतके पाणी कधीही नसावे. चिकटपणा राहिलाच तर आतल्या बाजूला आधी थोडेसे करून पाहून मग टर्पेंटाइनने पुसावे, मेलामाइनच्या कागदाला त्याने सहसा इजा होत नाही. थिनर मात्र वापरू नये, कारण कडेच्या प्लास्टिकच्या पट्टीची चमक त्याने जाते. दाराच्या कडेच्या सांध्यात तेल शिरले असेल तर तिथे कोरड्या कागदाची घडी दाबून धरून जितके शोषून काढता येईल तितके काढावे. पुढे कधी ती पट्टी सुटली आणि पुन्हा चिकटवायची वेळ आली, तर आत राहिलेले तेल गोंदाला धरू देणार नाही. फर्निचर चमकवण्यासाठी मिळणारे सिलिकॉनयुक्त स्प्रेही याच कारणासाठी टाळावेत. सिलिकॉन लागलेल्या जागी नंतर कोणतेही पॉलिश सलग बसत नाही, गोल गोल खळगे पडतात, आणि ते काढायला पॉलिशवाला मूळ कामाच्या दुप्पट मजुरी मागतो, जी त्याने मागणे रास्तच असते.